सरिताताईंची टाच

गंगापूर रोडला एका बँकेच्या वर सरिता गायधनींचा कथकचा क्लास आहे. जिन्यात चपला एका रेषेत लावलेल्या दिसल्या, की समजावं, आलो बरोबर जागी. ताईंचे नियम म्हणजे नियम. पांढरा कुर्ता, पांढरी सलवार, ओढणी डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या कमरेला गच्च बांधलेली. केस मोकळे दिसले तर मुलीच्या आईला खालून वर बोलावून रबर मागणार. लेगिंग घालून आलेल्या एका कॉलेजकुमारीला त्यांनी "जिम पलीकडच्या गल्लीत आहे," म्हणून सरळ परत पाठवलं होतं. आत येताना जमिनीला हात लावायचा, घुंगरू ओलांडायचे नाहीत, आणि गुरूचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावायचा. पालक पाठीमागे क्लासला मिलिटरी म्हणत आणि पुढच्या वर्षी धाकटीलाही तिथेच घालत.

हे सगळे नियम मुळात माईंचे. माई म्हणजे सरिताताईंच्या गुरू. पंचवटीत राहायच्या, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी सरिताला परकरात असल्यापासून शिकवलं आणि एकदाही चांगलं म्हटलं नाही. "सरे, टाच! तुझी टाच खोटी पडते. खरी पडली की मी सांगेन." हे म्हणता म्हणताच माई गेल्या. 'सरे' ही हाक त्यांचीच, घरात कुणी तिला तसं म्हणत नसे. पुढे लोकांनी सरिताताईंना शाली दिल्या, नारळ दिले, भाषणं केली. पण साठीला टेकलेली ही बाई आतून अजून त्या एका शब्दासाठी अडून बसली होती. वेडेपणाच की. पण तो होता खरा.

गेल्या जूनमध्ये ओझरहून तृप्ती नावाची एक बाई आपल्या सहा वर्षांच्या सायलीला घेऊन आली. पोरीचा नवा कुर्ता वाढत्या अंगाचा, बाह्या दुमडलेल्या. सरिताताई नव्या मुलींना नियम सांगत होत्या. "माझ्या गुरू माई..." म्हणताना त्यांनी कान धरला. सगळ्या मुलींचे हात कानाकडे गेले. एकट्या सायलीचा गेला नाही.

"तुझा हात कुठंय गं?"

सायलीने नुसतं वर पाहिलं. आपलंच नाव कुणी घेतल्यावर माणूस बघतं, तसं. कार्टी आगाऊ दिसते, असं ताईंना वाटलं.

मग त्यांनी वळून पायांचे बोल करून दाखवायला सुरुवात केली. मागून बारीक, स्वच्छ आवाज आला, "सरे, टाच!"

ताईंचा उचललेला पाय तसाच राहिला. मुली खिदळल्या. ताई ओरडल्या नाहीत, तेव्हा मुलीही गप्प झाल्या.

क्लास सुटल्यावर त्यांनी तृप्तीला बाजूला घेतलं. "हिला घरी कुणी नाच शिकवतं का?"

"छे हो ताई! आमच्याकडे कुणाला नाचातलं काय कळतंय? हिचे पप्पा फॅक्टरीत. ही दिवसभर गाडी-गाडी खेळते."

दुसरी एखादी असती तर तिने घाबरून पोरीचं नावच काढायला लावलं असतं. सरिताताईंना भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीपेक्षा माईंच्या त्या एका शब्दाची हाव मोठी निघाली. खास सराव म्हणून त्यांनी सायलीला रविवारी सगळ्यांच्या आधी बोलवायला सुरुवात केली. तृप्ती बिचारी हरखून गेली. पोरीला वर सोडायची आणि खाली रसवंतीत जाऊन बसायची.

वर मात्र उलटंच चाले. सायली भिंतीशी सतरंजीवर बसे आणि सरिताताई ओढणी कमरेला बांधून तिच्यापुढे नाचत. सहा वर्षांचं पोर एवढा वेळ हलल्याशिवाय बसत नाही. ही बसे, पाठ ताठ, तळहात गुडघ्यावर पालथा. "पुन्हा," म्हणे. कधी, "सरे, घाई." आवाज पोरीचाच. पण बोलल्यानंतर ती जी थांबे, ते थांबणं माईंचं होतं.

दिवाळीनंतर तृप्तीने जिन्यातच ताईंना गाठलं. "ताई, ही हल्ली खेळतच नाही हो. सायली म्हणून हाक मारली, तर दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल असं इकडेतिकडे बघते. जेवायलाही मागत नाही."

"वय असतं एकेक," ताई म्हणाल्या. खोटं बोलत होत्या आणि त्यांना ते कळतही होतं. तरी पुढच्या रविवारी त्यांनी पोरीला बोलावलंच. इथे सरिताताईंचा राग येतो, आणि यायलाच हवा.

त्या रविवारी मोबाइलवर तबला लावून ताई उभ्या राहिल्या. गुडघे कुरकुरत होते, ते मधेच कुरकुरायचे थांबले. आणि टाच पडली. खरी पडली. फरशीखालून आवाज वर आला तेव्हाच त्यांना कळलं. सायलीचा तळहात गुडघ्यावरून उचलला गेला. तोंड उघडू लागलं. शेवटचं आवर्तन फिरून समेवर येणं, तबला आणि पाय एकदम पडून सगळं पुरं होणं, एवढंच उरलं होतं.

ताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. दुधाचा एक दात पडलेला, आणि त्या फटीच्या वर म्हाताऱ्या माणसाचे डोळे. सायलीचं त्या चेहऱ्यात काहीच उरलेलं नव्हतं.

समेच्या आधी नाच सोडणं म्हणजे गुरूच्या तोंडावर दार आपटणं. सरिताताई थांबल्या.

तबला एकटाच वाजत राहिला. त्यांनी तो बंद केला, पोरीपुढे बसल्या आणि तिच्या कमरेची ओढणीची गाठ सोडवू लागल्या. ते डोळे रागावले. तो राग त्यांच्या ओळखीचा होता, तरी त्या गाठ सोडवत राहिल्या.

"माई, पुरे आता," त्या म्हणाल्या. "मला नको सांगायला. पोर तिच्या आईची आहे हो. जा तुम्ही."

खाली रिक्षा वाजत होत्या. ओढणी सुटून सतरंजीवर पडली. मग पोरीचा खालचा ओठ थरथरला.

"ताई, मला शू लागलीये. आई कुठंय?"

उशीर झालाच होता. सलवार भिजली, सतरंजी भिजली. सायलीने मोठ्याने भोकाड पसरलं. "असू दे बाळा, असू दे," म्हणत ताईंनी तिला छातीशी धरलं आणि स्वतःही हुंदके देऊन रडू लागल्या. टाच खरी पडली होती, आणि ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.