नांदुऱ्याले उठवजा

"मले नांदुऱ्याले उठवजा बरं," असं म्हणून ती पिशवी मांडीवर घ्यायची आणि शेगाव यायच्या आत झोपायची. अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, म्हणून डब्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. मी मलकापूरची, तिच्या पुढे उतरणारी, त्यामुळे उठवायचं काम माझ्याकडे.

ही नवी मेमू गाडी सुरू व्हायच्या आधी ती अकोल्यातच राहायची, माझ्या ऑफिसमागे एका खोलीत. नांदुऱ्याला सासरी जायची ती फक्त रविवारी. एकदा मी गेले तर बाई खिडकीत पाय टाकून भात, तेल आणि तिखट खात बसलेली. "भाजी काऊन नाही केली, हे इथं कोनी विचारत नाही," म्हणाली. इतकी खूश मी तिला पुन्हा पाहिली नाही.

गाडी आली त्या दिवशी नांदुऱ्याच्या फलाटावर तिच्या सासूने इंजिनाला कुंकू लावलं. "आता सून रोज घरी. देव पावला." खोली आधीच सोडायला लावली होती. आणि आम्ही शहाण्यांनी पेढे खाऊन तिचं अभिनंदन केलं!

मग दोन्ही वेळचा स्वयंपाक, मधे ड्युटी, आणि गाडीतली झोप तेवढी तिची. तुम्ही रोज ये-जा करत असाल तर अशी एखादी तुमच्याही डब्यात असेल. दमते बिचारी, असं म्हणून आपण मोबाइल काढतो.

एका संध्याकाळी मी तिला हलवलं, तर डोळे न उघडताच म्हणाली, "जागीच हाय. बसू द्या."

नांदुरा गेलं. मलकापूरच्या फलाटावर तिने निवांत चहा घेतला.

"घरी काय सांगशील?"

"झोप लागली म्हनीन. तुमचं नाव घेतो, उठवलं नाही म्हनून. चालन?"

असं दोनतीनदा झालं. मग ती दिसेनाशी झाली. एक दिवस तिचा नवराच गाडीत भेटला. "दगदग सोसत नव्हती तिले. सोडाले लावली नोकरी." त्याची काळजी खरी होती, याचाच मला जास्त संताप आला.

परवा नांदुऱ्याला उतरून तिच्या घरी गेले. सासू समोरच बसून होती. ती आत गेल्यावर सिस्टरने हळूच विचारलं, "त्या खोलीत आता कोन राह्यते?"

"कॉलेजातली मुलगी आहे, जानेफळची. तिकडे रेल्वे नाही ना."

"तिले सांगजा," ती म्हणाली, "उद्या गावाले गाडी आली तरी खोली सोडू नको म्हना."