आंबिलीविना येळवस

आमच्या लोहाऱ्याकडं येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोप, शेंगा-पालेभाज्यांची ताक-चिंच घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात रात्रभर आंबवलेली आंबील. लग्नानंतर ओळीनं तीन येळवसांना माझं अंग लालभडक झालं, ओठ सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली. घरच्यांचं निदान ठरलेलं: उष्णता. उष्णतेवर उतारा? आंबील. सासूबाई प्रेमानं आणखी एक तांब्या पाजायच्या आणि मी आडवी व्हायची.

पुढची दोन वर्षं मला घरीच ठेवलं. सून शेताला धार्जिणी नाही, अशी कुजबुजही झाली. त्रास मात्र घरीही अधूनमधून व्हायचाच. ज्यांच्या पाटीवर पदव्या मावत नव्हत्या, त्या डॉक्टरांनी नाडी न बघताच सांगितलं, "टेन्शन घेता तुम्ही."

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंची पाटी छोटी होती. त्यांनी त्रास होत असतानाच रक्त तपासायला लावलं आणि रोजचं खाणं, ऊन, दगदग वहीत लिहायला सांगितलं. आजाराचं नाव लांबलचक निघालं. अर्थ एवढाच, की मास्ट सेल नावाच्या पेशी अंगातल्या पहारेकरी. माझ्या जरा हौशी, चोर नसतानाही बोंब ठोकतात. वहीत दर खेपेला दोन गुन्हेगार सापडले: आंबवलेलं खाणं आणि उन्हातली दगदग. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, पर्समध्ये तातडीचं इंजेक्शन आलं.

सासूबाई फुगल्या. "म्हंजी माज्या आंबिलीनं पडत हुतीस व्हय?"

"आंबील झकासच आहे तुमची, आत्याबाई. माझं अंगच भांडखोर."

दोन दिवसांनी त्यांनी माझ्याकडून वही वाचून घेतली, पानापानाला "हितंबी आंबीलच?" विचारत. येळवसेच्या सकाळी म्हणाल्या, "जीपमंदी बस. चालत येऊ नगंस."

शेतात त्यांनी माझ्यासाठी छोट्या पातेल्यात ताज्या शेंगांची, ताक-चिंचेविना भज्जी रांधली. चुलत सासरे आंबिलीचा पेला घेऊन पुढं आले. "सूनबाई, परसादाला न्हाय म्हणत्यात व्हय? एक घोट!"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी पेला काढून घेतला, गटागटा प्यायल्या आणि तोंड पुसलं. "पोचला तिचा परसाद. तुमी गुमान पंगतीत बसा, भावजी."

मी खोपीच्या सावलीत जेवले. तास गेला, दोन गेले. ओठ ओठांच्याच मापाचे राहिले. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मी पातेलं पुढं ओढलं आणि उरलेली भज्जीही संपवली.