हिरवी पेटी

हल-मिल्ना आणि हल-तार्जा ही दोन गावं वेगळी आहेत असं फक्त तिथल्या माणसांना वाटतं. माल्टाच्या नकाशावर दोन्ही एका बोटाखाली झाकली जातात. मधला विहिरीचा रस्ता एवढा अरुंद, की डावा फुटपाथ मिल्नाचा, उजवा तार्जाचा आणि मधून पाववाल्याची गाडी जेमतेम जाते. तरी दोघांचे संत वेगळे, बँड वेगळे आणि देवाच्या कृपेने फुटबॉलचे संघही वेगळे. दोन्ही संघ देशाच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे वरच्या गटाच्या तळाशी. जिंकण्याची हौस कोणालाच नाही. शेजारी खाली जावा, एवढी माफक अपेक्षा.

विस्तीन सुतार डाव्या फुटपाथवर राहतो. साठी उलटली, लाकडी बाल्कन्या दुरुस्त करतो, पण गावात त्याचं नाव आहे ते पेटीमुळे. शेजारचा संघ खालच्या गटात घसरला की त्याची मयत काढायची ही आमच्याकडची जुनी रीत. पुढे शवपेटी, मागे शोकाची धून वाजवणारा बँड आणि काळ्या ओढणीत ऊर बडवणारी विधवा. ही विधवा बहुतेक वेळा मिशीवाली असते. खऱ्या मयतीपेक्षा या मयतीला माणसं जास्त येतात आणि वेळेवर येतात.

अकरा वर्षांपूर्वी तार्जा खाली गेलं, तेव्हा विस्तीनने अशी देखणी पेटी केली होती की दोन-तीन म्हातारे स्वतःसाठी भाव विचारून गेले. मिरवणूक याच रस्त्याने निघाली. समोर त्याच्या थोरल्या बहिणीचं, चेत्ताचं घर. लग्न होऊन रस्ता ओलांडून गेली, एवढंच तिचं सासर लांब. तिचा नवरा साल्वू तार्जाच्या खेळाडूंचे कपडे सांभाळायचा. तो खोकत खिडकीत बसला होता. पेटी बघून हसला आणि म्हणाला, "विस्तीन, डावी कडी वाकडी बसवलीस की रे." त्याच आठवड्यात तो गेला. दुखणं किती पुढे गेलंय हे चेत्ताला माहीत होतं, विस्तीनला कोणी सांगितलं नव्हतं. पण नवऱ्याच्या खिडकीखालून पेटी नेणारा भाऊ चेत्ताला पुन्हा नको झाला. तिने दार लावलं ते लावलंच.

आता समोरासमोर राहून अबोला धरायचा तर मध्ये कोणीतरी लागतोच. ते काम पाववाल्या नेनूच्या गळ्यात पडलं.

"नेनू, त्याला सांग, त्याचा भुसा माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो," असं चेत्ता म्हणे.

"नेनू, तिला सांग, वारा तार्जाकडून येतो," असं विस्तीन म्हणे.

"वारा इकडून गेला तर भुसा तिकडेच राहील ना रे गाढवा?" हे ती नेनूच्या तोंडावर म्हणायची. नेनू दुसऱ्याच्या वाट्याची शिवी गिळून, दोन पाव विकून पुढे जायचा.

विस्तीन क्लबच्या बारमध्ये चहाचा ग्लास आपटून सांगायचा, की मरायच्या आधी तार्जाची आणखी एक मयत बघायची आहे. सगळ्या नुसत्या बाता. खरं म्हणजे नेनूला मध्ये न घालता चेत्ताने त्याला एकदा गाढव म्हटलं असतं, तरी तो सुखाने मेला असता. म्हातारपण जवळ आलं होतं आणि सख्खं असं दोघांना दुसरं कोणी नव्हतं.

यंदा कार्निव्हलपर्यंत तार्जा अगदी तळाला जाऊन बसलं. मिल्ना क्लबचा अध्यक्ष फ्रेदू, फरशांचा ठेकेदार, छाती काढून सुताराकडे आला.

"विस्तीन, पेटी घे करायला."

"आत्ताच? हंगाम संपायला अजून तीन महिने आहेत."

"रंगाचे दोन हात व्हायला नकोत? हिरवीगार कर, त्यांच्या शर्टासारखी."

"करतो. पण या खेपेला मागच्या गल्लीने नेऊ या का?"

"का? तार्जावाल्यांना दिसायची नाही तर मयत काढायची कशाला?"

विस्तीनने मोजपट्टी उचलली. गावापुढे नाही म्हणायची हिंमत असती तर तो सुतार कशाला झाला असता, बिशप झाला असता. त्याने पेटी केली. डावी कडी चारदा काढून चारदा बसवली. आणि पेटी जसजशी सुबक होत गेली, तसतसा तो समोरच्या खिडकीकडे जास्त बघू लागला. ही दुसरी पेटी त्या खिडकीखालून गेली की चेत्ताचा विषयच संपला.

मग मिल्नाच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं ते त्याने केलं. दुपारी गाव झोपलेलं असताना तो रस्ता ओलांडून तार्जाच्या चर्चमध्ये शिरला आणि त्यांच्या संत बार्बरापुढे मेणबत्ती लावली. म्हणाला, "बाई, यांना वाचव." मिल्नाचा माणूस तार्जासाठी, तेही तार्जाच्याच संताकडे. आता परक्या गावच्या संताकडे काही मागायचं तर आपल्या गावाचंही नाव सोबत घ्यावं, एवढी अक्कल आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही असते. घाबरलेल्या विस्तीनच्या ते डोक्यातच आलं नाही.

बार्बराने मनावर घेतलं. ईस्टरनंतर तार्जा जिंकायला लागलं. कालपर्यंत चेंडू दिसला की बाजूला होणारी पोरं गोल करू लागली. गटातून कोणीतरी खाली जायला हवंच होतं. मिल्नाला शेवटच्या सामन्यात फक्त बरोबरी पुरेशी होती. पण आमच्या गोलकीपरने लाथाडलेला चेंडू आमच्याच खेळाडूच्या पाठीवर आपटून आमच्याच जाळ्यात गेला. समोरच्या संघाला काही कष्ट पडले नाहीत. फ्रेदूने पंच, वारा आणि सरकार यांना दोष दिला. गोलकीपर त्याचा जावई होता.

दुसऱ्या दिवशी तार्जाने मिल्नाची मयत काढली. मिल्नाने दारं लावून घेतली आणि फटींतून पाहिलं. विस्तीन मात्र दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहिला. दुसऱ्यांच्या पेट्या करणाऱ्याने स्वतःच्या मयतीला घरात लपायचं, हे त्याला बरं वाटेना.

मिरवणूक त्याच्या दारासमोर आली आणि थांबली, कारण पेटीचा तळ सुटत होता. कोणाचं तरी जुनं कपाट आडवं करून खिळे ठोकलेले. सुताराला ते बघवेना. तेवढ्यात विधवा पुढे आली. तिने काळी ओढणी वर केली. मिशी नव्हती.

"विस्तीन," चेत्ता म्हणाली.

विस्तीनने सवयीने नेनूला शोधलं. नेनू लांब पाव खात उभा होता.

"इकडे बघ, मी तुझ्याशी बोलतेय. बार्बराची मेणबत्ती तूच लावलीस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ते चर्च झाडतं कोण? खांबाआड होते मी. अरे गाढवा, आमच्यासाठी मागितलंस, मग तुमच्यासाठी कोण मागणार होतं?"

"मला सुचलंच नाही, चेत्ता."

"तुला कधी सुचलंय? आता ते कपाट फुटायच्या आत तुझी पेटी काढ बाहेर."

"ती हिरवी आहे. तुमच्यासाठी केली होती."

"माहीत आहे कोणासाठी केली होती ते. वर तुमचा लाल झेंडा टाक."

विस्तीनने स्वतःच्या बाल्कनीवरचा मिल्नाचा झेंडा स्वतःच्या हाताने उतरवला. बंद दाराआडून फ्रेदू ओरडला, की सुतार गद्दार आहे. पेटी बाहेर आली. चेत्ताने जवळ येऊन डाव्या कडीवर हात ठेवला, थोडी हलवून पाहिली.

"सरळ बसवलीस," ती म्हणाली.

"त्याने सांगितलं होतं," विस्तीन म्हणाला.

बँड सुरू झाला. उजव्या फुटपाथवरच्या त्या खिडकीखाली आल्यावर विधवेने पेटीवर डोकं टेकलं आणि ती रडली. ऊर बडवला नाही, आरडाओरडा नाही, नुसती खांदे हलवत रडत राहिली. अशी झकास विधवा आजवर झाली नाही म्हणून दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या. मिल्नावाल्यांनीसुद्धा, दारं किलकिली करून. डावी कडी विस्तीनने धरली होती. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मोकळे नव्हते.