बिनदोऱ्याची सुई

ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत मशीनमावशींचं शिलाई मशीन सकाळपासून चालू असायचं. दुपारी ते मधेच थांबलं की नळावरच्या बायकाही गप्प होत. मावशींचा नवरा घरी आला, असा त्याचा अर्थ. मग थोड्या वेळाने भिंतीवर काहीतरी आदळे. कुणीतरी नळ मोठा सोडे.

मावशी माप घेताना पुटपुटायच्या, "टिटवाळ्याला खोली बघून ठेवलीय. डिपॉझिट जमलं की मी आणि मशीन. तिसरं कुणी नाही."

मार बसला की त्यांचा उजवा हात सुजायचा. बाही वाकडी जायची, उसवून पुन्हा शिवावी लागायची. मग चाळीने दया दाखवली. "राहू दे गं, बिचारीला कशाला त्रास," असं म्हणत एकेकीने आपले ब्लाऊज डोंबिवलीच्या टेलरकडे टाकले. आईनेही. मी आठवीत होते. माझ्या ड्रेसचं निळं कापड परत आणायला तिने मलाच पाठवलं.

"आई म्हणाली, आराम करा. घाई नाही."

मावशींनी कापडाची घडी घातली. "आराम त्याच्या हाताला सांग. मला घाई आहे, पोरी."

नंतर तर मशीन पूर्वीपेक्षा जास्त चालायला लागलं. बाहेरचं काम मिळालं असेल, असं वाटून आम्हाला बरं वाटलं. एका दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. रिकामी वाटी देऊ नये म्हणून आईने साखर घातली होती. दार लोटलेलं होतं. मावशी मशीनवर वाकल्या होत्या, पाय भराभर चालत होते. पण सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोरा नव्हता. ती नुसतीच खाली जात होती, वर येत होती.

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "थांबलं की तो विकेल. काम आहे असं वाटू दे त्याला. बोलू नकोस कुणाला."

मी बोलले नाही. आईलासुद्धा नाही. दिवाळीच्या आधी त्याने मशीन विकलंच. टिटवाळ्याची खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. मागच्या महिन्यात अर्थशास्त्राच्या मॅडम सांगत होत्या की घरातल्या मारहाणीने बाईचे कामाचे दिवस बुडतात, कमाई बुडते. मला हात वर करायचा होता. काही दिवस आम्हीही बुडवले, असं सांगायचं होतं. जमलं नाही.

त्याच संध्याकाळी ट्रंकेत तेव्हापासून न शिवता पडलेलं निळं कापड घेऊन मी मावशींकडे गेले. त्या खिडकीपाशी, जिथे मशीन असायचं तिथेच, स्टुलावर बसल्या होत्या. समोर मोकळी जमीन. त्यांनी कापड मांडीवर घेतलं, बोटांनी काठ चाचपला.

"माप तेच आहे का गं तुझं?"

मी आठवीतली राहिले नव्हते. तरी हो म्हणाले.

"शुक्रवारी ये," त्या म्हणाल्या. मान खाली घातली, आणि त्यांचे दोन्ही पाय फरशीवर वरखाली चालायला लागले.