मोठी गाडी गावठाणात शिरत नाही

गाड्यांच्या बाबतीत माझं मत विचारू नये, हे बाळकुममधल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. नवी नवरी असताना मासळी वाहायला टेम्पो घ्यायचा ठरला आणि मी तो रंग बघून निवडला. पोपटी. आरशांना लाल गोंडे. नवरा इंजिन तपासत होता आणि ही बया गोंड्यांना हात लावून "हाच, हाच" करत होती. बर्फ आणि पाट्या भरल्या की कशेळीच्या पुलाच्या चढावर पोपट मागे सरकायचा, आणि मी लुगड्याचा काचा मारून चाकाखाली घालायला दगड घेऊन धावायची. लोक थांबून बघायचे. मला वाटायचं, माझं लुगडं बघतायत.

तरी मागच्या महिन्यात माझी सून सुजाता म्हणाली, "आई, गाड्या बघायला येता का?" मी आधी हसले, मग घाईने हो म्हटलं. त्या 'हो'मागचं कारण काही फार चांगलं नव्हतं.

माझा मुलगा दिनेश दुसऱ्याच्या गाडीवर पार्सलं पोचवायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंतही तो टिकला नाही. सुजाता तेव्हापासून गोदामात पार्सलं निवडायला जाते. मधल्या काळात गाडी शिकली, परवाना काढला. आता स्वतःची गाडी घेऊन तिला दिनेशचंच काम करायचं होतं. लहान गाडी घेतली तर माजिवड्याच्या केंद्राचं थोडंथोडकं काम, आणि गाडी आमच्या गल्लीत, दारासमोर. मोठी घेतली तर कल्याणच्या गोदामाचं बारमाही काम. पण तिथे पहाटे माल भरायचा, आणि मोठी गाडी गावठाणात शिरत नाही. म्हणजे खोली तिकडे, नात तन्वीची शाळाही तिकडे. आमचा म्हातारा खाडी सोडून हलायचा नाही, म्हणून मीही नाही. गाडी बघण्याचं नुसतं नाव; मी निघाले होते सून आणि नात राखायला.

"गारी (गाडी) घ्या, पन हिला इचारू नका," म्हातारा दारातून ओरडला.

पहिला थांबा माजिवडा. पुलाजवळच्या दुकानात विजेवर चालणारी तीनचाकी होती, पाठीवर पत्र्याची पेटी. मी जेवणाची पिशवी तिच्या मागच्या पायरीवर ठेवली आणि पदर सारखा करते तोवर विक्रेता ती गाडी चालवून दाखवायला निघूनही गेला. आवाज म्हणून नाही! आमची भाकरी सर्व्हिस रोडला एक चक्कर मारून आली.

सुजाताने पेटीत वाकून पाहिलं. "छान आहे. पण कोणी टेबलफॅन मागवला की भरली."

"आपल्याला कशाला हवाय फॅन?"

"आई, पार्सलं लोकांची असतात."

तिथून कल्याणची बस. साकेत पुलावर सुजाताने मला खिडकी दिली. ओहोटी होती, नुसता चिखल चमकत होता. आमची होडी कुठे लागायची ते मी तिला दाखवलं. तिने पाहिलं, पण तिची नजर पलीकडून येणाऱ्या पार्सलच्या गाड्यांवर होती. "हिचं छप्पर बघा केवढं उंच," ती म्हणाली. पुढे रांजणोली नाक्यावर गाड्यांची दाटी झाली, तेव्हा तिला बघायला भरपूर मिळालं.

दुर्गाडीचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर वापरलेल्या गाड्यांचं एक आवार आहे. मालकाला सगळे भाई म्हणतात. त्याच्याकडची पांढरी मोठी व्हॅन पूर्वी बेकरीचा माल वाहायची, आत अजून खारीचा वास होता. सुजाता आत चढली आणि उभी राहिली. सरळ, मान न वाकवता. बाजूला सरकता दरवाजा, दोन्हीकडे लाकडी कप्पे. ती टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली, पुन्हा गेली. दिनेश गेल्यापासून मी तिला इतक्या ऐसपैस चालताना पाहिलं नव्हतं.

मी लगेच खोट काढायला सुरुवात केली. दिवे डोळे वटारल्यासारखे आहेत, डिझेल पिणार, धुवायला विहीर लागेल. मग आत शिरून हात पसरून वाव (पसरलेल्या दोन्ही हातांएवढी लांबी) मोजायला लागले.

"आजी, साडी मोजते काय?" भाईने विचारलं.

"होड्या मोजल्यात या हातांनी."

"मग हिला पाण्यात नका घालू, बस."

दीड वावाहून जास्तच भरली. दुपार झाली होती, म्हणून भाईला विचारून आम्ही त्या गाडीतच मांडी घालून भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाल्ली. डबा उघडताच भाई नाक धरून पळाला. "अरे देवा, गाडी विकायचीय मला!" सुजाता खळखळून हसली. मला तिचं हसणं बरं वाटलं आणि नकोसंही वाटलं.

डोंबिवलीला रिक्षाने गेलो. निवासी भागातल्या एक काकू पोळीभाजीचे डबे पोचवायच्या, त्यांची छोटी बंद व्हॅन विकायची होती. "माझे गुडघे गेले हो, नाहीतर हिला मी सोडली नसती," असं म्हणत त्यांनी कोकम सरबत दिलं. गाडी अगदी देखणी. आमच्या गल्लीत सहज शिरेल अशी. मी आत अर्धी वाकून पुन्हा वाव मोजला, मात्र या खेपेला कोपरं वाकवून.

"सव्वा वाव! फारसा फरक नाही गं."

काकूंचे रिकामे क्रेट अगदी आत, टोकाला होते. त्यातला एक बाहेर काढून बघावा म्हणून सुजाता गुडघ्यांवर रांगत शिरली. गॅसची टाकी, चाकांवरचे उंचवटे, सगळ्यांवरून. मग क्रेट ओढत उलटी सरकत बाहेर आली. एक हात दाराला, एक कमरेवर. ताठ होण्याआधी तिने क्षणभर डोळे मिटून घेतले.

दिनेश घरी आला की गाडीतून असाच उतरायचा. अगदी तसाच हात. मी ओट्यावरून त्याला चिडवायची, "आला गं माझा म्हातारा!" तो हसायचा.

सुजाताने हात झटकले. "चालेल आई. हीच घेऊ. सवय होईल."

मला हवं होतं ते ती आपल्या तोंडाने देत होती. काकू ग्लास गोळा करत होत्या. मी म्हटलं, "नको. कल्याणला परत चल. ती मोठी घे."

"आणि गल्ली?"

"गल्ली राहू दे. तू उभी राहा."

आम्ही परत गेलो, भाईला शब्द दिला. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते: कल्याण म्हणजे काही परदेश नव्हे, बस सुटली की पोचलो. माझं लग्न बाळकुमला ठरलं तेव्हा आई शेजारणींना असंच सांगायची, की हाकेच्या अंतरावर तर आहे. नंतर ती किती हाका मारत बसली असेल, ते मी कधी विचारलं नाही. साकेत पुलावर अंधार पडला होता. पाणी भरतीचं होतं, एवढं वासावरून कळलं.

घरी म्हाताऱ्याने विचारलं, "कंची घेतली?" मी म्हटलं, "मोठी." तो उठून आत गेला. तन्वी त्याच्यामागे गेली.

सुजाता उंबऱ्याशी चपला काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "डोंबिवलीत तुम्ही नुसतं 'बरं' म्हटलं असतं ना आई, तर मी राहिले असते."