आजीचा मऊ फोटो

मी मुलुंडमधल्या एका स्टुडिओसाठी लोकांचे चेहरे मऊ करते. नाहूरच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा आणि लग्न ठरलेल्या मुलींच्या गालांवरून इस्त्री फिरवायची, हा माझा धंदा. 'जरा ड्रीमी करा ना' असा निरोप आला की समजायचं, मुलीला स्वतःसारखं दिसायचं नाहीये. मग फोटोची एक प्रत त्याच फोटोवर ठेवायची, ती धूसर करायची, अर्धीमुर्धी पारदर्शक करायची, वरून थोडा उजेड सांडायचा. डोळे आणि ओठ तेवढे स्पष्ट ठेवायचे, म्हणजे चेहरा कुठे आहे हे नवऱ्याला निदान कळतं. बोरिवलीच्या पार्कात घामाघूम होऊन काढलेला फोटो काश्मीरच्या धुक्यातला वाटायला लागतो. एका नवऱ्या मुलाच्या आईने तर त्याचं टक्कल मऊ करून मागितलं. मी केलं. टक्कल होतं तिथेच राहिलं, फक्त त्यावर चांदणं पडलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि मी ते दूरपण विकते.

घरी या कलेला काडीची किंमत नव्हती. आईच्या मते मी 'फोटो पुसते'. तरी गेल्या भाद्रपदात तिनेच मला कामाला लावलं.

आईची आई, म्हणजे माझी आजी, आई रांगत होती तेव्हाच गेली. तिचा एकही फोटो नाही. घाटकोपरला मामाकडे दर अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या श्राद्धाला, पाटावर आजीच्या जागी एक सुपारी मांडतात. आई दरवर्षी जाते, सुपारीला नमस्कार करते आणि घरी येऊन गप्प बसते. सत्तरी आली तरी तिला आपल्या आईचा चेहरा माहीत नाही.

"मला ती एकदा बघायचीय गं," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, मी तिच्यासारखी दिसते. मग माझ्यावरूनच कर ना, यंदा सुपारीऐवजी तोच फोटो पाटावर ठेवू. एवढ्या लोकांना बदलतेस."

घरचं झालं थोडं, त्यात हे घोडं. शिवाय जिवंत माणसाचा फोटो श्राद्धाच्या पाटावर ठेवायचा म्हणजे त्याला आपल्या हाताने वर पाठवायचं, एवढं शास्त्र मलाही कळतं. मी मामाला फोन केला. मामा आईचा थोरला भाऊ, विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, आणि आजीचा चेहरा पाहिलेल्यांपैकी आता उरलेला एकटा माणूस.

"त्यात काय?" मामा म्हणाला. "तू तिला इतकी बदल, की ती ती राहणारच नाय. मग चालतं."

धर्मशास्त्रात ही सोय नेमकी कुठे आहे, ते मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी ओटा आवरून आई खिडकीपाशी टेकली, तेवढ्यात मी फोटो काढला. केस तरी विंचरू दे म्हणत होती. मी म्हटलं, पुढचं मी बघते. आजी तिशीत गेली, म्हणजे निम्म्याहून जास्त वय उतरवायचं होतं. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचं काळं गेलं, कपाळावरची आठी गेली. कुंकू मोठं केलं, नथ घातली, पदर डोक्यावर घेतला, रंग काढून जुनाट पिवळी छटा दिली आणि सगळ्यावर माझं खास धुकं सोडलं. आजी साबणाच्या जाहिरातीत सहज खपली असती.

आई हरखून गेली. "अशी होती?" म्हणाली आणि पदराने स्क्रीन पुसली. स्क्रीन स्वच्छच होती.

नवमीच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन आम्ही मामाकडे गेलो. मामाने चष्मा लावला.

"ही कोण?"

"तुझी आई," मी म्हटलं.

"झकास आहे. पण ही आमची आई नाय."

"मामा, तू दहा वर्षांचा होतास. किती वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय आईला विसरू? ते धुकं काढ आधी."

माझ्या पोटापाण्याचाच अपमान झाला होता, पण मी धुकं काढलं. मी केलेला प्रत्येक बदल वेगळ्या थरात असतो, एकेक थर बंद करता येतो. मामाने नथ काढायला लावली. आमच्यात कुठली आली नथ, म्हणाला. मग गालांवरची इस्त्री काढायला लावली.

"डोळ्यांखाली काळं होतं तिच्या."

"अरे, ती तिशीतली बाई होती."

"होती ना. चार पोरं, विहीर, जातं आणि दुसऱ्याचं शेत. तुमची तिशी वेगळी, तिची वेगळी. अजून काढ."

मी काढत गेले. शेवटी काढायला काहीच उरलं नाही. स्क्रीनवर रविवारची आई होती. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, नजर खिडकीबाहेर कुठेतरी.

मामाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हीच," तो म्हणाला. "अशीच बसायची उंबऱ्यात."

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. रागाचं कारण तेव्हा नीट कळलं नाही. आणि आता हा फोटो पाटावर ठेवता येणार नव्हता. त्यात माझी धडधाकट, जिवंत आई होती. मामालाही ते कळलं असावं. त्याने देवघरातून सुपारीची डबी काढून ठेवली.

आईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. खुर्ची ओढून ती स्क्रीनला अगदी खेटून बसली होती. तो फोटो तिचाच आहे, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी तिने हात जोडले आणि बराच वेळ बघत राहिली.

"दादा, किती दमलेली होती रे ती," ती म्हणाली. "तिला कुणी कधी बस म्हणालं नाही का?"