म्हशीला उलटी नेसवलेली साडी

मी म्हशीला साडी उलटी नेसवली. चार दिवस नेसवत होतो आणि सगळी गल्ली बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघत्यात.

म्हैस फायबरची होती. बेळगावात बाजारपेठेच्या रस्त्यांवर रंगवलेली जनावरं उभी करायची, लोकांनी ती बघत बघत फिरायचं, अशी योजना निघाली होती. एकेका गावाला, गल्लीला एकेक पांढरंफेक जनावर रंगवायला मिळालं. उचगावला बैल, ते ठीक. सांबऱ्याला बगळा, विमानतळ तिथं आहे म्हणून असेल. कडोलीला पोपट दिला. तिथं दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, त्यामुळं हा मान होता की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या शहापूरच्या विणकर गल्लीला म्हैस आली.

"हिला आपली चिमणी बुट्टी नेसवू," मी बैठकीत बोलून गेलो.

चिमणी बुट्टी म्हणजे चोचीत दाणा धरलेली एवढीशी चिमणी, साडीभर पेरलेली. हातमाग होते तोवर ती फक्त आमच्या गल्लीत निघायची. यंत्रमाग आले आणि ती बंद पडली. आता तिची साडी कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हशीवर नीट उतरली तर गावाला ती पुन्हा दिसणार होती, आणि चुकली तर चुकलेलीच ध्यानात राहणार होती. म्हणून शेजारचे आप्पा म्हणाले, "आधी कुणाकडं जुनी साडी हाय का हुडक. नमुना बघून काढ."

"आप्पा, बारा वर्षं विणलीय ती मी. डोळं झाकून काढतो."

खरंच डोळे झाकून काढली असती तर जरा बरी आली असती.

अंग डाळिंबी रंगवलं, त्यावर पिवळ्या चिमण्या, आणि एका चिमणीपासून दुसरीपर्यंत बारीक बारीक रेघा. देखरेखीला एक कलाशिक्षिका यायच्या, कानडी घरातल्या. त्या तर हरखूनच गेल्या. "छलो आलंय, अण्णा! ह्या रेघा एकदम मॉडर्न!"

"आमच्यात पहिल्यापासनंच असतंय," मी नम्रपणे सांगितलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण, समोरच्याच घरात राहते. मी विणत होतो ती सगळी वर्षं मागावरून साडी उतरली की तिच्याकडं जायची. ती साडी उलथायची, मागचे मोकळे धागे कात्रीनं कापायची, घडी घालायची. कमरेवर हात ठेवून तिनं म्हशीला एक फेरी मारली.

"ही काय रं?"

"चिमणी."

"ही चिमणी? शेपूट फुटलेलं वांगं दिसतंय. आन् दाणा कुठं हाय? गिळला?"

"आक्का, मॉडर्न हाय."

ती घरी गेली आणि खांद्यावर वाकळ टाकून आली. मीच विणून दिलेली चिमणी बुट्टीची साडी झिजल्यावर तिनं ती या वाकळीला वरून लावली होती. थंडीत जनावरावर पोतं टाकतात तशी तिनं ती वाकळ म्हशीच्या पाठीवर टाकली. "बघ."

मी बघितलं. तिथं चिमणी चिमणीसारखी होती. चोच होती, चोचीत वेगळा दाणा होता, तोंड माझ्या चिमणीच्या विरुद्ध बाजूला होतं, आणि रेघ एकसुद्धा नव्हती.

आमच्या मागावर साडी पालथी विणतात. सरळ बाजू खाली, उलटी वर, आणि उलट्या बाजूला एका बुट्टीतला धागा पुढच्या बुट्टीपर्यंत तसाच लोंबत जातो. मी ते सगळे लोंबते धागे इमानदारीनं म्हशीवर काढले होते.

"तू साडीची पाठ बघितलीस रं," आक्का म्हणाली. "तोंड मी बघितलं."

दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाईंकडं जाऊन कबुली दिली. त्यांना रेघांचं फार वाईट वाटलं, तरी त्यांनी दोन दिवस वाढवून दिले, वर रंगाचा डबाही दिला. त्यांचे उपकार आहेत. आक्कानं म्हशीपुढं प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि एकेक रेघ डाळिंबी रंगानं बुजवायला घेतली. "बारा वर्षं तुझं धागं कापलं. आता म्हशीचं बी माझ्याच नशिबात!" शेजारणी आल्या, त्यांनीही ब्रश घेतले. मी चिमण्यांची तोंडं फिरवत होतो, आणि आक्का खुर्चीतून हुकूम सोडत होती. "चोच हिकडं. दाणा जरा लांब धर, तिच्या नरड्यात कोंबू नगंस!"

लोक माझ्या साड्या नावाजायचे तेव्हा मी मान डोलवायचो. पण ते नावाजत होते ती बाजू मी विणताना कधी बघितलीच नव्हती. ती आक्काच्या मांडीवर पहिल्यांदा उजेडात यायची. कात्री केसभर सरकली असती तर बुट्टी उसवली असती. इतक्या वर्षांत एकही उसवली नाही. हे कळायला मला फायबरची म्हैस लागली. मी आक्काला ते सगळं बोलून दाखवलं.

"ब्रश धू," ती म्हणाली.

उद्घाटनाच्या दिवशी आमची म्हैस एका कोपऱ्यावर उभी राहिली. जनावरांच्या बाजारात मालक उभा राहतो तसा मी शेजारी. आक्का पलीकडं, नखांत अजून डाळिंबी रंग. वडगावचे एक म्हातारे विणकर काठी टेकत चालले होते, ते थबकले. जवळ येऊन त्यांनी एका चिमणीवर बोट ठेवलं.

"चिमणी बुट्टी! मला वाटलं, गेली ही." बोट कितीतरी वेळ तिथंच होतं. "दाणासुदीक तस्साच."

त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. "मी काढलीय," मी म्हणालो.

विणकराला कापड आवडलं की तो काठ उलथून मागची बाजू बघतो, ती सवय जात नाही. म्हशीला उलथायला काठ नव्हता. म्हातारे काठीच्या आधारानं खाली बसले आणि त्यांनी म्हशीच्या पोटाखाली डोकं घातलं. आक्काचे गुडघे तेवढे वाकत नाहीत, आणि तिथं कोण बघतंय म्हणून मीही पोट तसंच सोडलं होतं. माझे सगळे धागे तिथं शाबूत होते.

ते सावकाश उठले. आधी आक्काच्या नखांकडं बघितलं, तिला नमस्कार केला, मग माझ्याकडं वळले.

"वरची चिमणी ह्या आक्कांची. पोटाखालचा इस्कोट तुझा."